आधीं विक्री, मग शिवण

श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या कपाटांत आज दोन प्रकारचे कपडे असतील. एक, पेठेंतून आणलेले किंवा मोबाईलवरून घरबसल्या मागविलेले तयार कपडे. आणि दुसरे, शिंप्यानें माप घेऊन शिवलेले. पहिल्या प्रकाराची भर होत चालली आहे आणि दुसऱ्याची घट, हें कपाट उघडून पाहणाऱ्यास निराळें सांगावयास नको. लहान शिंप्यानें मोठ्या कारखानदारापुढें टिकावें कसें, हा प्रश्न म्हणूनच पुढें येतो. तो एकट्या शिंप्याच्या पोटापाण्याचा नाहीं. गांवांतील शेवटचें शिलाईयंत्र ज्या दिवशीं थांबेल, त्या दिवशीं लांब विजार आंखूड करणें, घट्ट पोलकें उसवून सैल करणें, थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगाजोगा करणें, हीं घरोघरचीं कामेंहि थांबतील. कारखाना कपडा विकतो. त्याची डागडुजी करीत नाहीं.

प्रश्नाचा विचार नेमकेपणानें व्हावा, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरी हें गांव डोळ्यांपुढें घेऊं. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचें हें तालुक्याचें ठिकाण. भोंवतालीं धानाची शेती, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा, आणि गांवांत शाळा, महाविद्यालयें व दवाखाने असल्यामुळें खेड्यापाड्यांतून रोज येणारी माणसें. अशा गांवच्या शिंप्याला आतां शेजारच्या शिंप्याची भीति उरलेली नाहीं. त्याचा प्रतिस्पर्धी शेंकडों कोसांवर असतो, आणि त्याचा माल टपालाच्या पुडक्यांतून गिऱ्हाइकाच्या दारांत येऊन पडतो.

या प्रतिस्पर्ध्याचें बळ कशांत आहे, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. कारखान्यांत कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून एकाच वेळीं कापले जातात. एकजण केवळ कॉलर शिवतो, दुसरा केवळ बाह्या जोडतो, तिसरा काजें करतो. कापड थेट गिरणींतून घाऊक भावानें येतें. या तिन्ही गोष्टींत एकट्या शिंप्यानें बरोबरी करूं म्हटलें तर ती होणार नाहीं. भावाच्या लढाईंत तो पहिल्याच दिवशीं हरेल.

परंतु कारखान्याचा एक क्रम ठरलेला आहे: तो आधीं शिवतो आणि मग विकतो. लोकांस कोणता रंग आवडेल, कोणतें माप अधिक खपेल, याचा अंदाज त्यास कित्येक महिने आधीं बांधावा लागतो. अंदाज चुकला कीं माल पडून राहतो, मग तो निम्म्या किंमतींत काढावा लागतो. शिवाय प्रत्येक माणसाचें शरीर चारपांच ठराविक मापांत बसवावें लागतें. अमेरिकेंत १९३९-४० सालीं सरकारी खर्चानें सुमारें १५,००० स्त्रियांचीं मापें घेण्यांत आलीं. हेतु हा कीं, तयार कपड्यांचीं मापें प्रमाणित व्हावींत. आपल्या देशांत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें सहा शहरांतील २५,००० हून अधिक लोकांचीं मापें घेण्याची योजना अलीकडे आंखली. इतका खटाटोप करूनहि हातीं येते ती सरासरीच. सरासरी माणूस कागदावर असतो. दुकानांत येणाऱ्याचा एक खांदा दुसऱ्याहून उतरता असतो.

शिंप्याचा क्रम याच्या उलट आहे. तो आधीं विकतो आणि मग शिवतो. त्याच्याकडे न खपलेला माल सांठत नाहीं, त्यांत भांडवल अडकत नाहीं, आणि प्रत्येक कपडा ज्याचा त्याच्याच अंगाचा होतो. लहान धंद्याचें सारें सामर्थ्य या उलट्या क्रमांत आहे. जो शिंपी हें ओळखेल, तो कारखान्याची नक्कल करण्याच्या भरीस पडणार नाहीं.

या सामर्थ्याचा उपयोग कसा करावा, याचें एक जुनें उदाहरण आहे. अमेरिकेच्या नेव्हाडा प्रांतांतील रेनो या गांवीं जेकब डेव्हिस नांवाचा एक शिंपी होता. मजुरांच्या विजारी खिशांच्या कोपऱ्यांशीं फाटतात, ही तक्रार त्याच्याकडे आली. त्यानें त्या जागीं तांब्याच्या मेखा ठोकून पाहिल्या, आणि विजारी टिकूं लागल्या. एकाधिकारपत्राचा खर्च त्यास झेपेना, म्हणून त्यानें आपला कापडवाला व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यास भागीदार केलें. २० मे १८७३ रोजीं त्यांस एकाधिकार मिळाला, आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या जीन्स विजारीचा उगम त्यांतून झाला. कपडा नेमका कोठें फाटतो, हें आधीं शिंप्यास कळलें, कारण फाटलेला कपडा त्याच्याचकडे येतो.

ब्रह्मपुरीच्या शिंप्यापुढेंहि असें ज्ञान रोज चालत येतें. तेथील उन्हाळ्यांत पारा पुष्कळदां ४५ अंश सेल्सिअसच्या वर चढतो. अशा हवेंत कृत्रिम धाग्याचा, अंगाबरोबर बसणारा सदरा म्हणजे शिक्षाच. पातळ सुती कापड, बगलेंत थोडी अधिक सैल, पाठीवर एक चुणी, एवढें केलें तरी माणूस सुखावतो. मात्र सुती कापड पाण्यांत आटतें. कापड आधींच आटवून घेण्याची यांत्रिक रीत सॅनफर्ड क्लुएट यानें १९३० च्या सुमारास शोधली. पण ज्या कापडावर ती क्रिया झालेली नसेल, तें बेतण्यापूर्वीं रात्रभर भिजवून वाळविलेंच पाहिजे. ही एक रात्र वांचविणारा शिंपी गिऱ्हाईक गमावतो.

दुसरें क्षेत्र झाडीपट्टीच्या रंगभूमीचें. धानाची कापणी आटोपली कीं या चार जिल्ह्यांच्या मुलखांत गांवोगांवीं रात्रभर नाटकें चालतात. वैनगंगेपलीकडचें वडसा हें नाटकमंडळ्यांचें मोठें केंद्र. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं प्रयोग करणाऱ्या नटाचा अंगरखा फाटला, तर तो संध्याकाळपर्यंत शिवून मिळाला पाहिजे. हें काम दूरच्या कारखान्याचें नव्हे.

तिसरें क्षेत्र शाळेच्या गणवेशाचें, आणि येथें नुकताच घडलेला एक प्रकार बोधप्रद आहे. २०२४-२५ या शालेय वर्षांत महाराष्ट्र सरकारनें सरकारी शाळांतील मुलांसाठीं गणवेशाचें कापड एकत्रित खरेदी केलें, आणि महिला बचत गटांकडून तें शिवून घेण्याची व्यवस्था केली. अनेक ठिकाणीं गणवेश शाळा सुरू होऊन कित्येक आठवडे लोटल्यावर पोंचले, आणि मापाच्याहि तक्रारी झाल्या. अखेर पुढील वर्षापासून खरेदीचा अधिकार पुन्हां शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्यांत आला. शिवणाऱ्या बाया कांहीं अडाणी नव्हत्या. दोष होता तो मूल आणि माप यांत पडलेल्या अंतराचा. समितीकडे अधिकार आल्यावर गांवच्या शिंप्यास पुन्हां संधि आहे. मात्र एकट्यास दोनशें गणवेश वेळेवर शिवणें शक्य नाहीं. चार दुकानदारांनीं एकत्र येऊन, एकानें बेतावें, दोघांनीं शिवावें, एकानें काजें-गुंड्या कराव्यात, असें केल्यास कारखान्याच्या श्रमविभागाचा थोडा लाभ त्यांसहि मिळेल.

आतां या धंद्याच्या दुखण्याकडे वळूं. आधीं विकून मग शिवणें म्हणजे वायदा करणें; आणि शिंप्याचा वायदा हा आपल्याकडे थट्टेचा विषय होऊन बसला आहे. दिवाळी, लग्नसराई, शाळांचा आरंभ, या वेळीं दुकानदार येईल तें काम घेतो आणि मग गिऱ्हाइकास खेटे घालावयास लावतो. वैतागलेलें गिऱ्हाईक तयार कपड्याकडे वळतें आणि बहुधा परत येत नाहीं. यावर उपाय एक वही. आपल्या हातून आठवड्यांत किती नग होतात तें मोजावें, तितकेच त्या आठवड्याच्या पानावर लिहावेत, आणि पान भरलें कीं पुढील तारीख द्यावी. आरंभींच "नाहीं" म्हटल्यानें एक नग जातो. वायदा मोडल्यानें सारें घर जातें. त्याच वहींत प्रत्येक गिऱ्हाइकाचें माप तारखेसह असावें. म्हणजे पुण्यास शिकणारा मुलगा तेथूनहि निरोप धाडून सदरा शिववूं शकेल.

दुसरें दुखणें हिशेबाचें. समजा, घरखर्च, भाडें, वीज व दोरा मिळून महिन्यास ३०,००० रुपये लागतात. रोज दहा तास याप्रमाणें पंचवीस दिवसांचे २५० तास झाले. त्यांतले ५० मापें घेण्यांत व बोलण्यांत गेले. उरलेल्या २०० तासांचा दर तासास १५० रुपये पडतो. सदऱ्यास अडीच तास लागत असतील, तर शिलाई ३७५ रुपये झाली. कारखान्याशीं स्पर्धा म्हणून तो २५० रुपयांत शिवला, तर प्रत्येक सदऱ्यामागें १२५ रुपये त्याच्या मुलांच्या ताटांतून जातात. हा हिशेब न मांडल्यामुळें पुष्कळ दुकानें कामानें भरलेलीं असतांनाच बुडतात. यंत्रासाठीं भांडवल हवें असल्यास १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंप्याचाहि समावेश आहे. तींत हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साह्य आणि पांच टक्के व्याजानें कर्ज, पहिल्या हप्त्यांत एक लाखापर्यंत, ठेविलें आहे. परंतु चुकलेला दर कर्जानें सुधारत नाहीं.

गृहस्थांच्या हातींहि कांहीं गोष्टी आहेत. सणाचे कपडे सणाच्या आदल्या आठवड्यांत न टाकतां भर पावसाळ्यांत, दुकान रिकामें असतांना टाकावेत. थोडी रक्कम आगाऊ द्यावी. शिलाईची तुलना तयार कपड्याच्या किंमतीशीं करतांना तो किती वर्षें टिकला आणि किती वेळां दुरुस्त झाला, हेंहि मोजावें. आणि कपडा बिघडला तर निमूटपणें दुकान बदलण्याऐवजीं तो परत नेऊन दाखवावा. चूक कळल्याशिवाय कारागीर सुधारत नाहीं.

शिंप्यानें मोठें व्हावें, असें नव्हे. त्यानें दिलेल्या तारखेस, घेतलेल्या मापाचा, योग्य दराचा कपडा द्यावा. एवढें ज्याच्या दुकानांत घडेल, त्याच्या दारावरून टपालाचीं पुडकीं खुशाल जावोत. तीं उघडल्यावर न बसणारे कपडे घेऊन लोक त्याच्याचकडे येतील.