संध्याकाळचा दवाखाना

आमच्याकडे धुणीभांड्याला येणाऱ्या मावशी पर्वतीजवळच्या जनता वसाहतीत राहतात. बीपीची गोळी संपली की त्या आठवडा-आठवडा तशाच काढायच्या. रागावले, तर म्हणाल्या, ‘‘ताई, ओपीडी सकाळची. केसपेपरच्या रांगेत उभं राहिलं की चार घरांचा खाडा.’’

आजार नेहमीचा, गोळी स्वस्त; नव्हता तो वेळ. हीच अडचण हेरून अमेरिकेत २००० साली मिनियापोलिस भागातल्या किराणा दुकानांत छोटे दवाखाने निघाले. मोजकेच आजार, दर फलकावर लिहिलेले, आधी वेळ घ्यायची गरज नाही.

आपल्याकडे हे काम सरकारने अंगावर घेतलं. १ मे २०२३ रोजी ‘आपला दवाखाना’ योजना राज्यभर सुरू झाली. मोफत तपासणी, मोफत औषधं आणि दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठरली.

एकदा कामं आटोपल्यावर मी मावशींना अशाच एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा कागदावर लिहिला, महिन्याच्या गोळ्या हातात दिल्या. मावशींनी तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये जपून ठेवला.

छातीत दुखलं तर मोठं रुग्णालयच गाठायला हवं. पण बीपी, साखर, ताप यांसाठी दार जवळ आणि उघडं हवं. तुमच्या घरी येणाऱ्या मावशींना जवळच्या दवाखान्याचा पत्ता आजच सांगा. पहिल्यांदा सोबतही जा.