बदल मागे घेणे म्हणजे पुसणे नव्हे

ब्राउझरमधून थेट ध्वनी व चित्रसंभाषण घडविणारा ‘वेबआरटीसी’ प्रकल्प गूगलने २०११ मध्ये मुक्तस्रोत केला. २०२१ मध्ये त्याला अधिकृत वेब-मानकाचा दर्जा मिळाला. त्याच्या आज्ञावलीतील प्रत्येक बदल चाचणी-साधनांनी तपासला जातो. पण बदल खुद्द चाचणी-साधनातच झाला आणि चाचण्या अडखळू लागल्या, तर दोष मालात की तराजूत हेच कळेनासे होते व इतरांचेही काम खोळंबते. म्हणून तो बदल आधी मागे घेतात, कारणमीमांसा नंतर करतात. ‘गिट’ या नोंदव्यवस्थेत अशा वेळी मूळ नोंद पुसली जात नाही. तिला रद्द करणारी नवी नोंद जोडली जाते व तीत कारण लिहिण्याचा शिरस्ता आहे. दोष दूर झाल्यावर तोच बदल पुन्हा दाखल करता येतो. विद्यार्थ्याच्या वहीतही खाडाखोडीपेक्षा अशी सकारण दुरुस्तीच अधिक शिकविते.