ओळख पटली, पण परवानगी आहे का?

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच गावच्या रहिवाशांना देण्यात आले. बारा आकड्यांचा हा क्रमांक ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘तुमचा हक्क कोणता?’ हा प्रश्न मात्र निराळा. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे २०१६ च्या कायद्यातच म्हटले आहे. ओळख आणि हक्क यांतील हा फरक संगणकांनाही लागू पडतो. कसा, ते पाहू या.

समजा, तुमच्या शाळेत वीस संगणक आहेत. प्रत्येकावर प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगळे खाते उघडणे म्हणजे केवढा खटाटोप! म्हणून सर्व खात्यांची एकच नोंदवही एका मुख्य संगणकावर ठेवतात. या नोंदवहीच्या कक्षेतील संगणकांच्या समूहाला ‘डोमेन’ म्हणतात. विंडोज संगणक डोमेनमध्ये घेताना त्याच्याही नावाचे खाते या वहीत उघडले जाते.

आता असे पाहा. शिक्षकांनी आपले नाव व पासवर्ड देऊन दहा संगणक सुरळीत जोडले. अकरावा मात्र अडला! पासवर्ड तोच, तारा तशाच. मग बिघडले काय?

बिघडले काहीच नाही. मूळ मांडणीत साध्या खातेदाराला दहाच संगणक जोडण्याची मुभा असते. त्याची ओळख पटली, परवानगी संपली.

अशा वेळी कारणे क्रमाने तपासावीत. डोमेन सापडतच नसेल, तर दोष परवानगीचा नसून पत्ता शोधण्याचा, म्हणजे डीएनएसचा असतो. नंतर घड्याळ पाहावे. ओळख पटविण्याचे काम कर्बेरॉस ही पद्धत करते. दोन्ही संगणकांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक असल्यास ती सामान्यतः नकार देते. कोणी जुना संदेश चोरून पुन्हा वापरू नये, हा त्यातील हेतू. जुन्या संगणकातील बॅटरी संपली की घड्याळ हमखास चुकते.

ओळख पटूनही नकार आला, तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, समोरच्या संगणकावर व्यवस्थापकाचा अधिकार आहे काय? नोंदवहीतील अधिकार त्याहून वेगळा; दोन्ही लागतात. दुसरी, दहाची मर्यादा संपली काय? तिसरी, त्याच नावाचे जुने खाते वहीत आहे काय? ते दुसऱ्याने उघडलेले असल्यास ऑक्टोबर २०२२ नंतरच्या विंडोजमध्ये त्याचा पुनर्वापर सहसा रोखला जातो. जुने खाते निरुपयोगी असल्याची खात्री करून व्यवस्थापकाने ते काढावे, किंवा संगणकाला नवे नाव द्यावे. नेमके कारण विंडोजच्या ‘डीबग’ कप्प्यातील ‘नेटसेटअप’ या नोंदीत वाचावयास मिळते.

मुख्य व्यवस्थापकाचा पासवर्डच सर्वांना देऊन टाकला तर? अडचण क्षणात सुटेल. पण मग कोणीही कोणाचेही खाते पुसू शकेल, गुणपत्रकेही बदलू शकेल. त्याऐवजी शिक्षकांना फक्त संगणक जोडण्याचा अधिकार नेमून द्यावा. कामापुरताच अधिकार देणे, हे संगणकसुरक्षेचे पहिले सूत्र होय.

तुमच्या शाळेतील संगणकांची नोंदवही कोणाकडे आहे, हे शिक्षकांना अवश्य विचारा.