थांबलेल्या गाडीचा वेळ कुणाचा?

मागच्या वेळी आपण श्रम म्हणजे काय, ते पाहिलं. आज तोच प्रश्न जरा रस्त्यावर आणू या. घुग्घुसचा कोळसा असो की एटापल्लीकडच्या सुरजागडचं लोहखनिज, ट्रक भरायला रांग लागते. ड्रायव्हर गाडी चालवत नसतो, पण गाडी सोडून घरीही जाऊ शकत नाही. मग तो काम करतो आहे की नाही?

मालक बदलला की उत्तर बदलतं. एका वाहतूकदाराकडे महिन्याचा पगार. तिथे रांगेतला वेळही पगारात येतो. दुसऱ्याकडे खेपेवर हिशेब. तिथे वजनकाटा बंद पडला की तोटा ड्रायव्हरचा. बुडालेली खेप तो मग रस्त्यावर भरून काढू पाहतो. माणूस तोच, पण आलापल्लीच्या जंगलातून सायकलनं शाळेला निघालेल्या पोरीला दोन वेगळे ड्रायव्हर भेटतात.

मार्क्सनं ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात नगावरच्या मजुरीला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. अशा मजुरीत कामगार स्वतःच स्वतःला पळवतो, हे त्यानं दाखवलं. आपल्याकडे 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं मालकाच्या दिमतीला असलेला वेळ म्हणजे कामाचा वेळ, अशी व्याख्या केली. टर्मिनलवरची 15 मिनिटांच्या आतली नुसती हजेरीही त्यात धरली. रांग मात्र तासन्‌तास चालते.

तेव्हा ड्रायव्हरला बेफिकीर म्हणण्याआधी आपण एवढंच विचारू या: थांबण्याचे पैसे त्याला कोण देतं?