सदोष वाहने परत बोलावण्याचा प्रश्न : चाकण येथील एक उदाहरण आणि आगीचे बंब

सदोष वाहन कारखानदाराने परत बोलावणे, म्हणजे व्यवहारात ज्यास 'रिकॉल' म्हणतात ती क्रिया, आपल्याकडे बहुधा वर्तमानपत्राच्या व्यापारविषयक पृष्ठावरील बातमी म्हणून वाचली जाते. बातमीत एक आकडा असतो. आणि आकडा जितका मोठा तितका दोष मोठा, असा वाचकाचा समज होतो. हा समज कितपत ग्राह्य आहे हे पाहण्यास पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यातीलच एक उदाहरण उपयोगी पडेल. त्यावरून सुचणारे विचार आगीच्या बंबांना लावून पाहिले असता एक निराळीच अडचण समोर येते. तिचा निर्देश करणे हा प्रस्तुत लेखाचा खरा हेतू होय.

ऑक्टोबर 2015 च्या पहिल्या पंधरवड्यात फोक्सवॅगन कंपनीच्या भारतीय शाखेने आपल्या विक्रेत्यांस 'पोलो' या मोटारीची विक्री तात्काळ थांबविण्याची सूचना दिली. कंपनीच्या डिझेल एंजिनांच्या धुरासंबंधीचे प्रकरण अमेरिकेत नुकतेच, म्हणजे सप्टेंबरमध्ये, उघडकीस आले होते. त्यामुळे या सूचनेचाही संबंध धुराशीच असावा, असा तर्क अनेकांनी केला. तो चुकीचा ठरला. दोष हातब्रेकचा होता. चाकण येथील कारखान्यात, जो 2009 साली सुरू झाला, तयार झालेल्या 389 गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या.

दोषाचे स्वरूप समजण्यास हातब्रेकची रचना थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. चालकाने दांडा वर ओढला की पोलादी तार ताणली जाते. ही तार मागील चाकांच्या ढोलांतील तरफ खेचते व तरफेमुळे ब्रेक-शू ढोलाच्या आतील पृष्ठभागावर दाबले जातात. तरफेस जागेवर धरून ठेवणारा, 'लग' या नावाने ओळखला जाणारा, एक लहानसा उंचवटा असतो. या गाड्यांतील तो उंचवटा ताण पडल्यास तुटण्याचा संभव होता. एका बाजूचा तुटल्यास ब्रेक त्या बाजूस दुबळा होणार आणि दोन्ही तुटल्यास निकामी होणार. पायब्रेकचा मार्ग निराळा असल्यामुळे चालत्या गाडीस धोका नव्हता. धोका होता तो उभ्या गाडीचा, आणि तोही विशेषतः उतारावर.

आता 389 या संख्येकडे पाहू. ती लहान आहे याचे कारण दोष क्षुल्लक होता हे नव्हे. दोष एका सुट्या भागात होता, आणि तो भाग कोणकोणत्या गाड्यांस बसविला गेला हे चासिस क्रमांकावरून सांगता येत होते. उलट त्याच कंपनीने डिसेंबर 2015 मध्ये धुराच्या प्रश्नावरून भारतातील सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. तेथे एकही भाग तुटणारा नव्हता. एंजिनाचे नियंत्रण करणारी योजनाच आक्षेपार्ह होती, म्हणून ते एंजिन असलेली प्रत्येक गाडी त्या संख्येत आली. घडणीतील दोष एका खेपेपुरता राहतो, योजनेतील दोष संपूर्ण जातीस व्यापतो. तेव्हा परत बोलावलेल्या वाहनांची संख्या दोषाची तीव्रता दर्शवीत नाही. तो कोठे उत्पन्न झाला आणि त्याचा माग किती अचूक लागला, एवढेच ती दर्शविते.

येथे विद्यार्थ्यांकडून एक शंका नेहमी विचारली जाते. सर्व गाड्या बोलावण्यापेक्षा काही थोड्या तपासून निर्णय का घेऊ नये? एक उदाहरण केवळ गृहीत म्हणून घेऊ. 389 गाड्यांपैकी 4 गाड्यांचा उंचवटा खरोखर कमकुवत आहे, आणि आपण वाटेल त्या 20 गाड्या निवडून तपासल्या. या विसांत त्या चौघींपैकी एकही न सापडण्याची संभाव्यता सुमारे 81 टक्के येते. म्हणजे पाचांतील चार वेळा 'दोष नाही' असा निर्वाळा देऊन आपण मोकळे होऊ, आणि चारही गाड्या रस्त्यावर राहतील. नमुना-तपासणी मालाची सरासरी प्रत ठरविण्यास उत्तम. एकही अपघात नको असेल तेथे तिचा उपयोग नाही.

2015 साली ही सारी क्रिया स्वेच्छेची होती. वाहन-उत्पादकांच्या संघटनेने 2012 मध्ये तयार केलेली आचारसंहिता एवढाच तिला आधार होता. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ घालण्यात आले. त्याखालील नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले व सक्तीने परत बोलावण्याचा अधिकार शासनास मिळाला. या नियमांत विक्रीच्या मानाने तक्रारींची मर्यादा ठरवून दिलेली आहे. मोठे ट्रक व बस यांच्या बाबतीत ती वार्षिक विक्रीच्या 3 टक्के आहे. वाहन सात वर्षांच्या आतील असावे, अशीही अट आहे.

आगीचा बंब या चौकटीत कसा बसतो? प्रथम त्याच्या हातब्रेकचाच विचार करू. मोटारीचा हातब्रेक गाडी उभी असताना लागतो, आणि तेव्हा तिचे काम थांबलेले असते. बंबाचे खरे काम तो उभा राहिल्यावर सुरू होते. एंजिन चालू असते, त्याची शक्ती 'पॉवर टेक-ऑफ'मधून पंपाकडे वळविलेली असते, माणसे चाकांच्या आसपास नळ्या ओढीत असतात, आणि सर्व भार हातब्रेकवर असतो. पाण्यासह 16 टन वजनाचा बंब दहास एक अशा उतारावर उभा असेल, तर त्यास खाली ओढणारे बल सुमारे 1.6 टन वजनाइतके भरते. जड वाहनांत म्हणून तारेऐवजी स्प्रिंगचा ब्रेक वापरतात. स्प्रिंग ब्रेक लावते आणि दाबाखालील हवा तो सोडविते. हवा गळाली तर ब्रेक आपोआप लागतो. दोष उद्भवला तरी तो सुरक्षित बाजूस झुकावा, अशी ही योजना आहे. मात्र स्प्रिंगच तुटली, तर जड वाहनाची गत त्या 389 मोटारींसारखीच होईल.

नियमांची अडचण याहून सूक्ष्म आहे. बंब हा एका कारखान्यातून संपूर्ण तयार होऊन येत नाही. चासिस ट्रकच्या कारखान्याची, टाकी व सांगाडा दुसऱ्याचा, पंप बहुधा तिसऱ्याचा. त्याच जातीच्या चासिसा मालवाहतुकीसाठी मोठ्या संख्येने विकल्या जातात. बंब होणाऱ्या त्यांतील थोड्याच. तासन् तास उभे राहून एंजिन चालविण्यामुळेच जो दोष प्रकट होईल, तो मालवाहू ट्रकच्या चालकास आयुष्यात दिसणार नाही. मग तक्रारी 3 टक्क्यांपर्यंत पोहोचाव्यात कशा? सात वर्षांची अटही येथे विपरीत ठरते. बंबाची चाकधाव कमी असते, पण सेवेची वर्षे पुष्कळ. दहा-बारा वर्षांचा बंब आपल्या नगरपालिकांत सहज आढळतो. त्याचे रबर, हवेच्या नळ्या व स्प्रिंगा मात्र धावेने नव्हे, वर्षांनी म्हाताऱ्या होतात. उत्पादकाने आपण होऊन परत बोलावण्यास अर्थात आडकाठी नाही. पण त्यासाठी दोष त्याच्या कानी गेला पाहिजे, आणि तक्रार चासिसवाल्याकडे करावी की सांगाडा बांधणाऱ्याकडे, हेच अग्निशमन केंद्रास पुष्कळदा स्पष्ट नसते.

एक गोष्ट मात्र बंबांच्या बाजूची आहे. मोटार दोनतीन वेळा विकली गेली की मालकाचा पत्ता सापडत नाही; बंबाचा मालक आणि त्याची जागा पक्की ठाऊक असते. पण शोधणे जितके सोपे, तितके बोलावणे कठीण. मोटार एक दिवस कार्यशाळेत ठेवली तर मालक बसने जातो. बंब कार्यशाळेत गेला तर त्या केंद्राच्या हद्दीतील घरे व कारखाने तेवढा वेळ उघडे पडतात. 8 डिसेंबर 2023 रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या कारखान्यास आग लागून अनेक स्त्री-कामगार मृत्युमुखी पडल्या. अशा छोट्या कारखान्यांनी हा पट्टा गजबजलेला आहे, आणि आग कार्यशाळेचे वेळापत्रक पाहून लागत नाही.

यास्तव बंब केंद्रातून हलविण्याऐवजी तपासणारी तुकडीच केंद्रात जावी, एका केंद्रातील दोन बंब एकाच दिवशी उघडू नयेत, आणि दुरुस्ती होईपर्यंत पंप चालू असताना चाकांखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय बंब उभा करू नये. चासिस, सांगाडा व पंप या तिन्हींचे क्रमांक एकाच नोंदवहीत एका ओळीत लिहिलेले असावेत, हेही तितकेच अगत्याचे आहे. वाहनांची तपासणी करणाऱ्या दोन मान्यवर संस्था, पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन व भोसरी येथील केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, आपल्या अगदी जवळ आहेत. बंबांच्या हातब्रेकची दीर्घकाळ उभ्या स्थितीतील चाचणी हा पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका वर्षात हाती घेता येण्याजोगा विषय आहे. त्यासाठी प्रथम लागेल ती वरील नोंदवहीच.