न आलेल्या अंकाचा हिशेब

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतचा एक महाकोश ऐतिहासिक तत्त्वांवर रचायला घेतला गेला. त्याचा पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडलं. काम आजही चालू आहे आणि अलीकडच्या खंडांतले शब्दही ‘अ’ या अक्षरातलेच आहेत. ज्या ग्रंथालयांनी पहिल्याच वेळी ‘निघेल तो प्रत्येक भाग पाठवत राहा’ असं कळवलं, तिथे तेव्हाचं कोणीही आता नोकरीत नसेल. मागणी मात्र उभी आहे. ग्रंथालयातले लोक तिला स्टँडिंग ऑर्डर म्हणतात.

मासिकाची वर्गणी वेगळी. तिथे पैसे आधी भरायचे, मुदत ठरलेली, अंक किती येणार तेही ठाऊक. स्टँडिंग ऑर्डरमध्ये पुढचा खंड कधी येईल, किती पानांचा असेल, किंमत काय पडेल, यातलं काहीच माहीत नसतं. खंड येतो, सोबत बिल येतं. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९मध्ये सुरू केलं, ती पूर्ण झाली १९६६मध्ये. अशा ग्रंथाचा मधला एक भाग जरी घ्यायचा राहिला, तरी संच कायमचा खंडित होतो, कारण सुटा भाग पुढे मिळेलच असं नसतं. पण अनुदान असतं वर्षापुरतं, ते मार्चअखेर खर्ची पडावं लागतं. किंमत न कळलेल्या, मे महिन्यात कदाचित येणाऱ्या खंडासाठी पैसे बाजूला ठेवा, हे समितीला पटवणं अवघड जातं. जे ग्रंथपाल दरवर्षी ते पटवतात, त्यांच्याकडचे संच पूर्ण असतात.

नियतकालिकांच्या विभागात वर्षानुवर्षं कार्डेक्स वापरात होतं. लोखंडी पेटी, तिला पातळ सपाट खण, खणात एकावर एक सरकवलेली कार्डं. एका नियतकालिकाचं एक कार्ड, त्यावर महिन्यांची घरं. अंक आला की त्याच्या घरात नोंद. आता हेच संगणकावर होतं, पण कामाचा गाभा बदललेला नाही. आलेल्या अंकाची नोंद कोणीही करील; कसब आहे ते रिकामं घर वेळेवर दिसण्यात. मराठी त्रैमासिकं मोजक्या प्रती छापतात. स्मरणपत्र दोन-तीन महिन्यांत गेलं तर अंक मिळतो. वर्षभराने बांधणीला अंक काढताना ध्यानात आलं, तर संपादकांच्या घरीही प्रत उरलेली नसते. शिवाय प्रत्येक रिकामं घर म्हणजे गहाळ अंक नव्हे. कधी जोडअंक निघालेला असतो, कधी मासिकाचं द्वैमासिक झालेलं असतं, कधी नाव बदललेलं असतं, कधी ते शांतपणे बंद पडलेलं असतं. हे ओळखायला त्या नियतकालिकाची चाल माहीत असावी लागते.

दिवाळी अंक तर या सगळ्या चौकटीबाहेरचे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा फोफावली. काही मासिकं तो वर्गणीतच देतात, काही वेगळे पैसे घेतात, आणि कितीतरी प्रकाशनं वर्षातून त्या एकाच वेळी निघतात. त्यांची वर्गणी कशाची भरणार? तिथे गेल्या वर्षीची यादी आणि भरवशाचा विक्रेता, एवढाच आधार.

आपल्याकडे कायद्याने एक मोठी कायमची मागणी १९५४ सालीच नोंदवून ठेवली आहे. ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तक ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायचं. १९५६मध्ये त्यात वृत्तपत्रं-नियतकालिकंही आली. त्याच १९५४ साली अमेरिकेत पब्लिक लॉ ४८० संमत झाला. साठच्या दशकातल्या रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्यांना ‘पीएल ४८०’चा गहू आठवत असेल. त्या गव्हाची किंमत भारत रुपयांत चुकवत होता आणि ते रुपये इथेच साचत होते. त्यांतून पुस्तकं घ्यावीत, अशी तरतूद अमेरिकी काँग्रेसचे सदस्य जॉन डिंगेल यांच्या दुरुस्तीने १९५८मध्ये झाली, आणि १९६२मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय नवी दिल्लीत उघडलं.

या कार्यालयाची रीत पाहण्यासारखी आहे. त्याच्यामार्फत पुस्तकं घेणारी शिकागो, पेनसिल्व्हेनिया यांसारखी विद्यापीठं पुस्तकांची नावं कळवत नाहीत. भाषा आणि विषय कळवतात. मराठी हवं, त्यात साहित्य आणि इतिहास हवा, पाठ्यपुस्तकं नकोत, अशा धर्तीवर. मग काय निघालं ते शोधणं, निवडणं, विकत घेणं, सूचीबद्ध करणं हे सगळं दिल्लीत होतं. नियतकालिकं मात्र एकेक नावाने ठरवली जातात. गव्हाचे रुपये ऐंशीच्या दशकात संपले. तेव्हापासून ही विद्यापीठं स्वतःच्या पैशाने मराठी पुस्तकं घेत आली आहेत.

आपल्या कायद्याची मागणी आणि या कार्यालयाची मागणी यांतला फरक मला पैशापेक्षा वेगळ्या ठिकाणी दिसतो. कायदा पुस्तक येण्याची वाट पाहतो. सोलापूरच्या किंवा जळगावच्या एखाद्या छोट्या प्रकाशकाला तो ठाऊकही नसतो, आणि न आलेलं पुस्तक मागायला कोणी जात नाही. दिल्लीच्या कार्यालयात ते शोधणं हेच रोजचं काम आहे. मराठीचा अभ्यासक आपल्याच भाषेतल्या जुन्या नियतकालिकाचा अंक परदेशातल्या सूचीत शोधतो, तेव्हा मला त्या लोकांबद्दल कृतज्ञता वाटते आणि आपल्याबद्दल वाईटही वाटतं.

आता केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना आणली आहे. ३० मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपत्रिका २०२५पासून सरकारी विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना इंटरनेटवर खुल्या झाल्या. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. सोय मोठी आहे, आणि ती हवीच होती. पण साहित्य संस्थेचं त्रैमासिक किंवा तालुक्याच्या गावी निघणारं अनियतकालिक तिच्या कक्षेत नाही. त्यांची वर्गणी भरणं, अंक आला का पाहणं आणि नाही आला तर त्याच आठवड्यात पत्र टाकणं हे काम अजून जिल्ह्याच्या ग्रंथालयातल्या एखाद्या लिपिकाकडेच आहे. बऱ्याच ठिकाणी ती जागा रिकामी आहे. ती आधी भरली पाहिजे.