काळ्या कातळावरून तेलाचा शोध

ठाण्याहून कल्याणकडे आगगाडीनें जातांना पारसिक व मुंब्रा येथील डोंगरांचा जो काळा कातळ दृष्टीस पडतो, तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं थरावर थर पसरून थिजलेला लाव्हारस होय. त्याच्या खालीं काय दडलें आहे हें जाणणें तेलाच्या शोधकांस फार अवघड जातें.

रूढ पद्धति अशी कीं, भूमीस कृत्रिम धक्का द्यावा व खोल थरांवरून परतणाऱ्या कंपनांवरून त्या थरांची ठेवण ताडावी. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर समुद्रतळाखालील तेलक्षेत्राचा सुगावा याच रीतीनें लागला, आणि १९७४ सालीं तेथें तेल मिळालें. परंतु कातळप्रदेशांत कंपनें लाव्ह्याच्या थरांतच विखुरतात आणि खालचा प्रतिध्वनि क्षीण होतो. म्हणून भूपृष्ठावरील खुणा वाचणाऱ्या निराळ्या पद्धतींकडे शास्त्रज्ञ वळले.

त्यांतील प्रमुख म्हणजे मृत्तिकापरीक्षा. तेलाचा सांठा कितीहि बंदिस्त असला, तरी त्यांतील हलके वायु फटींतून झिरपत वर येतात व मातीच्या कणांस चिकटतात. ती माती प्रयोगशाळेंत नेऊन तींतील वायु मोजतात. १९३० नंतरच्या दशकांत जर्मनी व रशिया येथें ही पद्धति पुढें आली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनें दख्खनच्या कातळप्रदेशांतहि तिचा अवलंब केला आहे. कांहीं सूक्ष्म जंतु प्रोपेन वायूवर जगतात; मातींत त्यांची दाट वस्ती असणें हीहि एक खूण मानतात.

मात्र येथें फसगत सहज होते. ठाण्याच्या खाडींतल्यासारख्या चिखलांतूनहि मिथेन वायु निघतो. तो कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा, तेलाचा नव्हे. तेलाबरोबरच्या वायूंत इथेन, प्रोपेन व ब्युटेन हेहि असतात. म्हणून त्यांचें परस्पर प्रमाण पाहावें लागतें. डोंबिवलीसारख्या रासायनिक कारखान्यांच्या गांवीं मातींत सांपडलेला वायु भूगर्भांतला कीं कारखान्यांतला, हा संशय आधीं फेडावा लागेल.

दुसरी दृष्टि आकाशांतून. झिरपणाऱ्या वायूंमुळें तांबड्या मातीचा रंग कालांतरानें फिका पडतो, आणि असा फरक उपग्रहावरील यंत्रांस टिपतां येतो. समुद्रावर तेलाचा पातळ तवंग बारीक लाटा शमवितो, त्यामुळें रडारच्या चित्रांत तेथें काळा डाग उमटतो. पण जहाजानें सांडलेलें तेल किंवा वारा पडल्यानें निश्चल झालेलें पाणीहि तसाच डाग दाखवितें.

तात्पर्य, या खुणा तेल आहे असें सांगत नाहींत. कोठें अधिक शोध करावा एवढेंच सुचवितात. वायु फटींतून तिरपा वाहत दूरवर वर येत असल्यानें खुणेच्या नेमक्या खालीं सांठा असेलच असेंहि नाहीं. एक विहीर खोदण्यास कोट्यवधि रुपये लागतात. तेव्हां अनेक खुणा एकमेकींशीं ताडून शोधाचें क्षेत्र आकुंचित करणें, हाच या पद्धतींचा खरा लाभ. अखेरचा निर्णय छिद्रण-यंत्राचाच.